उजव्या चाकातली घरघर

शनिवार, रात्री

गाडीच्या उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते पोलादी गोळ्यांचं कडं, आज बदलून झालं. साबणाने दोनदा हात धुतले तरी ग्रीसचा वास जात नाही. हिने जेवताना पाटच लांब सरकवला.

आवाज दिवाळीनंतर सुरू झाला होता. चाळीसच्या पुढे घूंऽऽ, साठला आणखी भरदार. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी तोच, म्हणजे इंजिनाचा नव्हे. टायरचा आवाज डांबरावर एक आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा येतो. हा दोन्हीकडे सारखा. शेवटी उशिरा रात्री, रस्ते मोकळे असताना, इथे बडोद्यात गेंडा सर्कलला फेरी मारली. उजवीकडे वळसा घालताना घरघर दबायची, डावीकडे बाहेर पडलो की चढायची. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, त्यामुळे दुखणं कुठल्या बाजूला आहे ते तिथेच कळलं. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर खरखर बोटांना लागत होती. वर-खाली धरून हलवलं तर थोडा प्लेही, म्हणजे सैलपणाही, होता.

गाडी 2008 ची, पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून घेतलेली. वयाने गेलं म्हणावं, तर मामाला ते पटेना. मामाची सगळी नोकरी माणेजाच्या बेअरिंग कारखान्यात गेली. 1962 मध्ये प्रिसिजन बेअरिंग्ज म्हणून निघालेली ती कंपनी पुढे एफएजी झाली, आता शेफलर आहे. मामा अजून ‘आपलं एफएजी’च म्हणतो. त्या नावातला ‘एफ’ म्हणजे फिशर. 1883 मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्टला या फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र केलं. ही गोष्ट मामा लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो.

आज मात्र मामाचा उपयोग झाला. गॅरेजमध्ये चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा मोठा नट ढिला केला, कारण गाडी उचलल्यावर तो सुटताना चाकच फिरत बसतं. ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, काढून तारेने स्प्रिंगला बांधला. ब्रेकच्या नळीवर त्याचं वजन लोंबकळू द्यायचं नाही. डिस्क, टाय रॉड, खालचा बॉल जॉइंट सुटला आणि नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, हातात आलं. ते घेऊन मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या प्रेसवाल्याकडे गेलो. चाक ज्यावर बसतं तो हब दाबून बाहेर काढला, तर आतली अर्धी रिंग हबलाच चिकटून आली. ती पुलरने ओढली, बेअरिंग अडवून धरणारी सर्कलिप काढली, मग बेअरिंग निघालं.

मामाने ते तिथेच फोडायला लावलं. आतलं ग्रीस दुधाळ तपकिरी झालेलं, शिळ्या चहावरच्या सायीसारखं. रिंगेच्या धावेवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या पट्टीवर, गंजाचे ठिपके आणि एका बाजूला खवले उडालेले.

“पाणी गेलंय रे हे. पुरात होती ना गाडी?”

होती. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, आणि आमच्या समा भागात रस्त्याचा ओढा झाला. मगरींचे फोटो सगळ्यांनी पाहिले. आमच्या गाडीला दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी होतं. इंजिन वाचलं म्हणून पेढे वाटले, गालिचे वाळवले, ऑइल बदललं. हब मात्र दोन दिवस पाण्याखाली होते. बेअरिंगचं रबरी सील रस्त्यावरची शिंतोडी अडवतं, तुंबलेल्या पाण्यात बसून राहायला ते केलेलं नसतं. थोडंसं पाणी शिरतं, ग्रीस फाटतं, गंज धरतो आणि पुढचे महिने गोळ्या त्या गंजावरून धावत राहतात. पूर ओसरल्यावर इतक्या दिवसांनी आवाज का, याचं उत्तर मला त्या तपकिरी ग्रीसमध्ये मिळालं.

नवं बेअरिंग बसवताना मामा प्रेसवाल्याच्या डोक्यावर उभा होता. नकलमध्ये घालताना जोर बाहेरच्या रिंगवरच यायला हवा. नंतर हब आत दाबताना खालून टेकू आतल्या रिंगला द्यायचा. उलट केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, धावेला बारीक खड्डे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणतं. प्रेसवाल्याला हे माहीत होतंच, तो शांतपणे “हा, काका” म्हणत राहिला. त्याच्या जागी मी असतो तर मामाला चहाला पाठवलं असतं.

एक्सलचा नट नवा घेतला, ठरल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने कसला आणि कडा ठोकून अडकवला. आतल्या दोन्ही रिंगा एकमेकींना धरून राहतात त्या या नटाच्या जोरावर. तो ढिला राहिला तर नवं बेअरिंगही फार टिकत नाही.

मेकॅनिक म्हणाला, “बन्ने बाजुना बदली नाखो ने, साहेब.” म्हणजे दोन्ही बाजूंची बदलून टाका. एरवी मी हे ऐकलं नसतं. जे गेलं ते बदलावं, धडधाकट भाग जोडीसाठी फेकू नये, असं माझं मत आहे. पण डावं चाकही त्याच पाण्यात उभं होतं. त्याचं बेअरिंग येताना दुकानातून घेऊन आलो. पगार झाला की गाडी पुन्हा त्याच्याकडे, आणि या खेपेला मागच्या दोन्ही चाकांनाही हात लावून बघायला सांगणार आहे.