टक्, टक्, थप्प

गेल्या दोन वर्षांत मी सर्वांत जास्त कुठलं हत्यार वापरलं असेल, तर ती प्लॅस्टिकच्या डोक्याची एक हलकी हातोडी. जुनी शिडाची बोट बघायला जायचं, मालकाशी दोन गोड शब्द बोलायचे आणि मग गुडघे टेकून तिच्या डेकवर वीत-वीत अंतराने ठोकत सुटायचं. बैलाचे दात मोजणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसा मालक बघत राहतो. बघू दे.

नवऱ्याला आणि मला महासागर ओलांडण्याजोगी बोट हवी होती. नवी परवडणार नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे आम्हाला आवडतात तशा बोटी आता फारशा कुणी बांधत नाही: तळाला लांब कील, म्हणजे तोल सावरणारा जड कणा, तिच्या आडोशाला सुकाणू, बसून बोट हाकायचं कॉकपिट छोटं, अंगाने जड. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर नियमच आहे की बोटीचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा आणि लांबी ३२ ते ३६ फूट. २०२३ मध्ये अभिलाष टॉमी त्या शर्यतीत दुसरे आले ते रसलर ३६ वर, आणि पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफरची बोट होती केप जॉर्ज ३६. जुना आराखडा म्हणजे काही गरिबी नव्हे, असं मी नवऱ्याला समजवायचे. धीर खचला की तो मला.

नवरा आकड्यांचा माणूस. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला. त्यानंतरच्या अभ्यासातून बोट उलटण्याच्या धोक्याचं एक सोपं सूत्र निघालं. बोटीचं वजन पाउंडांत घ्या, ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि फुटांतल्या रुंदीला त्या आकड्याने भागा. उत्तर २ पेक्षा कमी आलं तर खोल समुद्रासाठी ठीक. त्याने चाळीसेक बोटींची उत्तरं काढून तक्ता केला. मी विचारलं, ‘‘अरे, यात वजन नेमकं कुठे आहे ते कुठे मोजलंय? टनभर शिसं कीलमध्ये असो की डोलकाठीच्या टोकावर, उत्तर तेच ना?’’ तो जरा थांबला. तक्ता काही पुसला नाही, पण त्यानंतर बोटी प्रत्यक्ष बघायला निघायची घाई त्यालाच झाली.

पहिलं प्रेम बसलं ते १९७९ च्या एका ३८ फुटी केचवर, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या बोटीवर. आत पाऊल टाकलं तर लाकडाला नुकतं तेल दिल्याचा वास, गोलाई दिलेले कोपरे, पितळी दिवे. वर अख्खं डेक सागवानी. मी मनातल्या मनात पडदे लावूनसुद्धा झाले होते. मग हातोडी काढली. टक्, टक्, टक्... डाव्या बाजूला, डोलकाठीच्या तारा जिथे डेकला येऊन मिळतात तिथे, थप्प. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. पुढे वीतभर थप्प. आणखी हातभर थप्प.

हे ‘थप्प’ काय असतं ते नीट सांगते, कारण जुन्या बोटीत पैसा बुडतो तो बहुतेक इथेच. फायबरग्लासचं डेक एकसंध नसतं. वर एक पातळ कवच, खाली एक पातळ कवच आणि मध्ये हलकं लाकूड, बहुतेकदा बाल्सा किंवा प्लायवूड. कोरडं असेपर्यंत हे सँडविच दगडासारखं असतं. पण जुन्या पद्धतीचं सागवानी डेक बसवताना पट्ट्या वरच्या कवचातून आरपार स्क्रूने ठोकलेल्या असतात. एवढ्या बोटीवर असे स्क्रू हजाराच्या घरात सहज जातात. म्हणजे पाण्याने शिरावं म्हणून पाडलेली हजार भोकं. चाळीस वर्षांत सीलंट वाळतो, पाणी मधल्या लाकडात उतरतं आणि ते कुजून लगदा होतो. वरून सागवान आपलं देखणंच दिसत राहतं.

तरी मी म्हटलं, रीतसर सर्व्हे करून घेऊ. सर्व्हेयर आले, मितभाषी, गुडघ्याला पट्टा बांधलेले. त्यांनी ओल मोजायचं यंत्र फिरवलं, स्वतःच्या हातोडीने ठोकलं आणि मग आत जाऊन एका कपाटात खांद्यापर्यंत शिरले. बाहेर आले ते बोटावर तपकिरी ओघळ घेऊन. म्हणाले, ‘‘डेक राहू द्या बाजूला. या चेनप्लेटच्या भरवशावर मी तुम्हाला खाडीबाहेरही जाऊ देणार नाही.’’

चेनप्लेट म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात त्या. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते ऑक्सिजनच्या जिवावर; त्याच्यामुळे धातूवर एक अतिपातळ संरक्षक थर टिकून राहतो. पट्टीचा डेकमधून जाणारा भाग मात्र ओल्या लाकडात आणि सीलंटमध्ये दबलेला. तिथे पाणी आहे, मीठ आहे, हवा नाही. पट्टी वर चकचकीत, खाली चकचकीत आणि मध्येच पोखरलेली. ती तुटली की तार सुटते, आणि तार सुटली की पाठोपाठ डोलकाठी.

व्यवहार आम्ही सोडला. सर्व्हेच्या अटीवर बोली केली होती म्हणून इसार परत मिळाला. बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च आणि सर्व्हेयरांची फी गेली, ती गेली. नवरा दोन दिवस गप्प होता. मीही पडदे काढायला तेवढेच दिवस घेतले.

त्यानंतर जाहिराती वाचायची माझी पद्धतच बदलली. जाहिरातीत सामानाची यादी जितकी लांब, तितकी मी सावध. दहा वर्षांचा रडार आणि बारा वर्षांचा ऑटोपायलट यांची किंमत मी शून्य धरते. काही वेळा शून्याच्याही खाली, कारण ते काढून टाकायची मजुरी लागते. मागच्या बाजूच्या ऐसपैस डबल बेडचे फोटो असतात. बोट वीस अंश कललेली असताना त्या बेडवर कोण झोपणार? समुद्रात झोप लागते ती अरुंद बाकावर, अंगाला कडेची फळी टेकून. कुणी आतल्या पकडदांड्यांचा फोटो टाकला, तर त्या माणसाने समुद्र पाहिलाय असं समजावं.

दुसरी बोट बघायला गेलो ती निव्वळ वाटेत होती म्हणून. १९८४ ची, ३६ फुटी कटर, म्हणजे एका डोलकाठीची बोट, शेवाळी रंग, आत डिझेलचा वास. त्या उलटण्याच्या सूत्राचं उत्तर १.७१, नवऱ्याने गाडीतच काढलं होतं. डेकवर सागवानाचा तुकडा नाही, नुसता खरखरीत रंग. मी ठोकत गेले. टक्, टक्, टक्. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, नांगराच्या यंत्राखाली तळहाताएवढं थप्प. बस्स.

मी आधी इंजिनावर हात ठेवला. गार. याच्या आधी एकाने आम्ही येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलं होतं. गार इंजिन कसं सुरू होतं तेच तर बघायचं असतं. हे दुसऱ्या किल्लीला लागलं, क्षणभर पांढरा धूर सोडला आणि शांत झालं. ऑइलच्या काडीवर दुधी रंग नाही, म्हणजे आत पाणी नाही. हलमधून, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचातून, पाणी आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह मी एकेक फिरवून पाहिले. सातांपैकी दोन जाम, एकावर गुलाबी झाक. पितळातलं जस्त समुद्र खाऊन टाकतो, मागे ठिसूळ तांबं उरतं, त्याचा तो रंग. तिथे ब्राँझच हवं.

कीलचं मला सर्वांत जास्त भय. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी राफिकी’ या शिडाच्या बोटीची कील सुटली, बोट उलटली, चौघे गेले. ती बोट त्याआधी समुद्राच्या तळाला घासलेली होती आणि तिची दुरुस्तीही झालेली होती. या कटरची कील हलच्या साच्यातच घडवलेली, वजन आत भरलेलं; बोल्टांवर लटकलेली नाही. पण अशी कीलही खडकावर आपटून फुटली, तर पाणी आतल्या वजनापर्यंत पोचतं. म्हणून बोट बाहेर काढल्यावर सर्व्हेयरांनी (तेच, गुडघ्याला पट्टावाले) तिचा तळ इंचाइंचाने पाहिला. हलवर दहा-बारा फोड होते. एक फोडला तर आंबट वासाचं पाणी आलं. मी घाबरले, ते नाही. ‘‘याने बोटी बुडत नाहीत, रंगारी जगतात,’’ म्हणाले.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय झाला तो एका बिस्किटाच्या डब्यामुळे. मालकांनी तो न मागता पुढे केला. आत सव्वीस वर्षांच्या पावत्या, आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने काम का केलं ते. ‘पंप बदलला, जुन्याचा आवाज आवडला नाही.’ डोलकाठीच्या तारा एकोणीस वर्षांपूर्वीच्या, हेही त्यातूनच कळलं. दहा-पंधरा वर्षांत त्या बदलायच्या असतात आणि विमा कंपन्याही तेच विचारतात. मालकांनी ते लपवलं नाही, आम्ही किमतीतून वजा करून घेतलं. कागदपत्रं, हलवर कोरलेला नंबर, बोटीवर कुणाचं देणं नाही ना, हे नवऱ्याने पाहिलं. जुनं देणं बोटीबरोबर नव्या मालकाच्या दारात येऊ शकतं, मालकाबरोबर जातंच असं नाही.

ठरवलेल्या पैशातले एक तृतीयांश आम्ही बोटीवर घालवलेच नाहीत, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. त्यातले निम्मे संपलेत. डोलकाठी सध्या आडवी आहे. आठही चेनप्लेट उपसायच्या ठरवल्या, सर्व्हेयरांना बाहेरून सगळ्या ठीक वाटल्या होत्या तरी. पाच निघाल्या, पाचही निर्दोष. काल सहावी काढली, घासली आणि भिंगाखाली धरली तर मधोमध केसाएवढी चीर. नवऱ्याला हाक मारली. त्याने बराच वेळ पाहिली, खिशातून पेन्सिल काढली, आणि नव्या पट्टीची पावती उलटी करून विचारलं, ‘‘काय लिहू?’’