खोली मिळाली, मग काम का टिकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथं कोल्हापुरात बेघरांच्या रात्रनिवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत गेलेल्या माणसांना आम्ही चार-पाच जण काम मिळवून देतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "आता डोक्यावर छप्पर आहे, तरी कामावर टिकत का नाहीत? अंगात आळसच असणार."

पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. एका मामांना शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, लावलं. महिन्याचा पगार, पीएफ, सगळं रीतसर. दहाव्या दिवशी सुपरवायझरचा फोन, "तुमचा माणूस दोन दिवस खाडा करतोय." तणतणतच खोलीवर गेले. मामा उंबऱ्यावर बसलेले, करगोट्याला बांधलेली कुलपाची किल्ली चाचपत. (दार उघडं, स्वतः दारात, तरी किल्ली आहे ना ते बघायचं. रस्त्यावर वर्षं काढल्यावर ही सवय जाता जात नाही.)

"नाक्यावर गेलतो, ताई. पगार फुडच्या म्हैन्यात. तवर खायाचं काय?"

नाका म्हणजे रोजंदारीचे मजूर सकाळी काम शोधत उभे राहतात तो. मग तिथंच हिशेब मांडला. मामा 2 तारखेला रुजू झालेले. कायद्यानं पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, म्हणजे 35 दिवस हातात काही नाही. भाडं मात्र 5 तारखेला. फुटपाथला भाडं नव्हतं, आणि दुपारी अंबाबाईच्या देवळाजवळच्या अन्नछत्रात जेवण व्हायचं. शिरोलीची शिफ्ट धरली आणि ते जेवणही सुटलं, वर केएमटी बसचं तिकीट. नाक्यावर संध्याकाळी रोख मिळते. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाक्यावरच गेले असते.

दारूचं विचाराल, तर काहींच्या बाबतीत तीही आहे. पण हिशेब न बघता दारूवर बोट ठेवणं फार सोयीचं असतं.

कागदांचं आणखी निराळं. कंपनी सध्याच्या पत्त्याचा पुरावा मागते. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावर टाकली आहे. हे घरमालकिणीला सांगून बघा! "दहा बाय दहाच्या खोलीला कसला करार, बाई?" जास्त ताणलं तर खोलीच जायची. त्यामुळे आम्ही चहा पिऊन, गोडीनं, चार खेपा घालून करार करून घेतो. नोंदणीचा खर्च आमचा.

आता कुणाला कामाला लावायच्या आधी मालकाला एवढंच विचारते, पहिले पाच आठवडे दर शनिवारी थोडी उचल द्याल का, पगारातून वळती करून घ्या. मोठ्या कारखान्यात अकाउंटवाले कपाळाला आठ्या घालतात. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतःच लेथवर उभा असतो, तो खिशातून काढून देतो. मामा आता तसल्याच एका वर्कशॉपमध्ये ड्रिलिंगवर आहेत, पगार आठवड्याला. खाडे होतात अजून, पण असेल त्या दिवशी सकाळी मालकाला फोन करून सांगतात.