कंबरदुखी आणि कठीण अंथरुणाचा हट्ट

कंबर दुखते म्हटले की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : गादी काढून टाका आणि जमिनीवर झोपा. मला तो शेजारच्या काकूंपासून अस्थिरोगतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांनी दिला आणि मी तो निमूटपणे पाळला. पलंगावर प्लायवुडची फळी, तिच्यावर सतरंजी आणि वर चादर, अशा अंथरुणावर मी सात महिने काढले. पहिले दोन-तीन आठवडे खरोखरच बरे वाटले. त्यानंतर मात्र पहाटे चारच्या सुमारास जाग येऊ लागली आणि कूस बदलायची म्हटले तरी पलंगाची कड धरून सावकाश वळावे लागे.

सुरुवातीला बरे का वाटले, याचे उत्तर मला आता ठाऊक आहे. त्याआधी मी ज्या कापसाच्या गादीवर झोपत होते, ती कित्येक वर्षांत पिंजून घेतलेली नव्हती. कापसाचे गोळे झाले होते आणि मधोमध चांगला खळगा पडला होता. अशा गादीवर कंबर रात्रभर झोळीत टाकल्यासारखी वाकलेली राहते, त्यामुळे तिच्यावरून उठून कशावरही झोपले तरी आराम पडतो. कठीण अंथरुणाची कीर्ती बऱ्याच अंशी जुन्या, खचलेल्या गाद्यांमुळे टिकून आहे, असे माझे मत आहे.

फळीवर काय बिघडते, हे ज्याला-त्याला स्वतःच तपासता येते. उताणे झोपून कमरेखाली तळहात सरकवून पाहावा. माझा हात अडखळल्याशिवाय आरपार जात असे, म्हणजेच पाठीचा वरचा भाग आणि नितंब टेकलेले, पण मधली कंबर अधांतरी. कुशीवर झोपले की सगळा भार खांदा आणि खुब्याचे हाड यांवर येई आणि त्या दोहोंमध्ये कंबर खाली झुके. पाठीच्या कण्याला नैसर्गिक बाक असतो. अंथरुणाने खांदा व खुबा थोडे आत सामावून घ्यायचे आणि कमरेला खालून आधार द्यायचा, एवढेच त्याचे काम. फार मऊ गादीला दुसरे काम जमत नाही आणि फळीला पहिले.

या प्रश्नावर 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या संशोधकांनी केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. अंथरुणात पडल्यावर आणि सकाळी उठताना कंबर दुखते, पण दुखणे पायात उतरत नाही, अशा 313 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने कठीण किंवा मध्यम कठीण गादी देण्यात आली, आणि कोणाच्या वाट्याला कोणती आली हे त्यांना सांगितलेले नव्हते. नव्वद दिवसांनंतर अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दैनंदिन कामांतली अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली होती. यात कठीण ठरवलेली गादीसुद्धा गादीच होती. मी तर लाकडावर झोपत होते. डेन्मार्कमध्ये 160 रुग्णांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही पाण्याची गादी आणि शरीराच्या आकारानुसार दबणारी फोमची गादी कठीण गादीपेक्षा सरस ठरल्या, पण फरक थोडा होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

स्पेनमधल्या चाचणीत वापरलेल्या युरोपीय मोजपट्टीवर 1 म्हणजे सर्वांत कठीण आणि 10 म्हणजे सर्वांत मऊ. त्या मापाने कठीण गादी 2.3 आणि मध्यम कठीण 5.6 होती. गाद्या विकणारे बहुतेक वेळा उलटी मोजपट्टी वापरतात, 10 म्हणजे सर्वांत कठीण. त्यामुळे आकडा पाठ करून दुकानात जाण्यात अर्थ नाही. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द वाचूनही गादी किती कठीण आहे ते कळत नाही. त्यापेक्षा दुकानातच नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे आणि सोबतच्या माणसाला कणा मागून सरळ रेषेत दिसतो का ते पाहायला सांगावे. मला ते लाजिरवाणे वाटले होते, पण त्यानेच निर्णय झाला.

दुखण्याबरोबर पायाला मुंग्या येणे, पायातली ताकद कमी होणे, ताप, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडून राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. त्यावर गादी हा उपाय नव्हे.

मी जुनी गादी पिंजून घेतली, कापूस सगळीकडे सारखा भरून टाके घालून घेतले आणि तिच्यावर दोन इंचांचा फोम टाकला. महिन्याभरात पहाटेची जाग थांबली; दिवसभर बसून काम झाले की संध्याकाळी कंबर अजूनही भरून येते, त्यासाठी चालणे आणि व्यायाम सुरू आहेत. तीच गादी ह्यांना मात्र सोसली नाही. माझे वजन चौपन्न किलो, ह्यांचे ब्याण्णव. जिथे मी बोटभर दबते तिथे हे पार तळाला टेकतात आणि दोन दिवसांतच ह्यांची कंबर धरली. म्हणून आमच्या पलंगावर आता दोन निरनिराळ्या गाद्या शेजारी शेजारी आहेत, ह्यांची दाट काथ्याची आणि माझी कापसाची, आणि मधल्या फटीत जुन्या गोधडीची घडी बसवली आहे.