तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ला नसलेल्या गावाचा इतिहास

जुने कागद आणि दगड पाहत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आमचं गाव लहान. किल्ला नाही, लेणी नाहीत, महाराजांचा मुक्काम पडल्याचा पुरावा नाही. मग आम्ही इतिहास जपायचा म्हणजे जपायचं तरी काय?" विचारणारे कधी सरपंच असतात, कधी शाळेतल्या बाई, कधी पुण्यात नोकरी करणारा आणि जत्रेपुरता गावी येणारा मुलगा. त्यामागची खंत मला कळते. इतिहास म्हणजे तह आणि लढाया असंच आपण शाळेत शिकलो, आणि त्यात आपल्या गावाचं नाव कधी आलं नाही.

माझं उत्तर असं की गावाचा इतिहास कुणी इतिहास म्हणून लिहून ठेवलेला नसतो. तो शिल्लक राहतो कुणाच्या तरी गरजेपोटी. कुणाला पाटीलकीचा हक्क शाबित करायचा होता, कुणाला बांध, कुणाला पाण्याची पाळी. तेव्हा "इथे काय मोठं घडलं?" हे विचारत बसू नका. "इथे कुणाला, काय, कशासाठी नोंदवून ठेवावंसं वाटलं?" हे विचारा. या प्रश्नाने आजवर मला कुठल्याच गावातून रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही.

महजराचंच, म्हणजे जुन्या निवाडापत्राचंच घ्या. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा तंटा उभा राहिला की गोतसभा, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांची न्यायसभा बसायची, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा कागद व्हायचा. त्याच्या शेवटी गावकऱ्यांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांची आपापल्या कामाची अवजारं. म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी त्या गावात कोण कोण राहत होतं याची हजेरीच एका कागदावर लागलेली असते, आणि त्यातली बहुतेक माणसं कुठल्याही बखरीत सापडणार नाहीत. पुढे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला, म्हणजे इनाम जमिनींची तपासणी करणाऱ्या इंग्रजी खात्याला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपले हक्क कागदानिशी सिद्ध करावे लागले. त्या तपासणीत अनेक घराण्यांची इनामं गेली, पण खेड्यापाड्यांतले कागद त्या निमित्ताने सरकारदरबारी पोचले. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला अजूनही पेशवे दफ्तर म्हणतात, मोडी लिपीतले कोट्यवधी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधलेले आहेत. तुमच्या परगण्याचं नाव घेऊन तिथे गेलात तर काही ना काही निघण्याची शक्यता चांगली आहे. मराठवाड्यातल्या गावांची वाट थोडी निराळी. तिथले निजामी अमलातले कागद फारसीत नाहीतर उर्दूत असतात, त्यातले बरेच हैदराबादेत आहेत, त्यामुळे मोडीबरोबर उर्दू वाचणाराही सोबतीला हवा.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण 22 खंड झाले, ते गावोगाव पायपीट करून, लोकांच्या घरांतली दप्तरं उघडून. त्या खंडांच्या आणि जिल्हा गॅझेटियरांच्या सूच्यांत आपल्या गावाचं नाव शोधायला एक दुपार पुरते. तेवढं नक्की करा.

पण पुण्याला जाण्याआधी गावातल्याच वह्या पाहा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर मला फार मोलाचं वाटतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा, आणि एका रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. ते रकाने ओळीने वाचत गेलं की कोणत्या वर्षी किती घरं पोटासाठी बाहेर पडली हे दिसायला लागतं. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिथे टिकली आहे तिथे 1918 च्या इन्फ्लुएंझाचं पान काढून पाहा. 2023 साली मराठा आरक्षणाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा याच वह्या जिल्ह्याजिल्ह्यांत तपासल्या गेल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तोवर कित्येक ठिकाणी त्या कपाटावर धूळ खात होत्या. या नोंदींत लोकांच्या जाती आणि खासगी गोष्टी असतात, म्हणून परवानगीनेच पाहा आणि त्यांचे फोटो सरसकट सगळ्यांना पाठवू नका.

दगडांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथे सर्वांत झपाट्याने होतंय. देवळाबाहेर, पारावर, ओढ्याच्या काठी चौकटी कोरलेले उभे दगड असतात. खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. हा वीरगळ. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो माणूस गावची गुरं वाचवताना मेला. तुमच्या गावात लढाई झाली नाही असं तुम्ही म्हणता, पण तिच्यात मेलेला माणूस पारावर उभा असतो. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. गधेगळ म्हणजे दान मोडणाऱ्याला घातलेला शापच दगडावर. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तोही गधेगळच, आणि वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उभा होता.

अशा दगडाचं काय करायचं? जागेवरून हलवू नका. शिवेवरचा दगड शोभेसाठी ग्रामपंचायतीसमोर आणून रोवला की तो शीव सांगायचा थांबतो. ऑइल पेंट नको, सिमेंट नको, जीर्णोद्धारात पायरीखाली घालणं तर नकोच. शेंदूर लावून पुजला जात असेल तर पूजा चालू राहू द्या, त्या पूजेमुळेच तो आजवर कुणी फोडला नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या, अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. लेख असेल तर जाणकाराला ठसा घेऊ द्या, आपण खडूने अक्षरं गिरवू नयेत. नांगरताना नाण्यांचा हंडा किंवा ताम्रपट निघाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ते केल्यानेच ती वस्तू गावाच्या नावाने नोंदली जाते, नाहीतर ती सोनाराच्या मुशीत जाते.

एका माणसाच्या हातून काय होऊ शकतं हे पाहायचं असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. प्राचीन काळचं तगर ते हेच. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या टेकाडांत सापडणारी खापरं, मणी, मृण्मूर्ती वर्षानुवर्षं जमवल्या. आज त्यांच्याच नावाने तिथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. ते व्यापारी गृहस्थ होते, पुराणवस्तूंचे पदवीधर नव्हते.

आता माणसं. कागद आणखी पन्नास वर्षं वाट पाहतील, जपले तर दगडही पाहतील. माणसं पाहणार नाहीत, म्हणून खरं तर सुरुवात इथून करा. 1972 च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर ज्यांनी विशीत खडी फोडली ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या गावचा पाझर तलाव, शाळेकडे जाणारा रस्ता, ताली त्यांच्या हातच्या असू शकतात. त्यांना "गावाचा इतिहास सांगा" म्हणू नका. "मला काय ठावं, मास्तरांना इचारा" एवढंच उत्तर येतं. विचारा की काम कुठे होतं, मुकादम कोण होता, हप्त्याला किती मिळायचं, कामावर वाटली जाणारी सुकडी कशात आणायचात, तान्हं मूल कामावर कुठे निजवायचात. शक्य असेल तर त्यांना त्या जागेवर घेऊन जा. बाजेवर बसून न आठवलेली नावं बांधावर उभं राहिलं की आठवतात. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं की आधी तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचं नाव त्यांच्याच तोंडून घ्या, आणि त्यांची हरकत नाही ना, हेही.

आणि माहेरवाशिणींना विचारा. हे सहसा कुणी करत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेलेल्या बाईच्या मनात गाव त्या वर्षीचं राहतं. इथेच राहिलेल्या भावाच्या आठवणीत जुनी विहीर आणि नंतरची टाकी एकमेकांत मिसळून जातात, बहिणीच्या आठवणीत विहीर तेवढी असते. कुणाच्या ओसरीवर कोणता उखळ होता इथपर्यंत ती सांगते. जात्यावरच्या ओव्या तिला येत असतील तर त्या आधी घ्या. गी पॉइतेव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत वाड्यांची, देवींची, घाटांची, बाजारांची नावं जागोजाग येतात. तुमच्या गावच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही.

वंशावळींसाठी दोन वाटा सांगतो. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाववार नामावळीच्या वह्या असतात, आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे वंशावळी सांगत फिरणारे लोक, आपल्या पोथ्या घेऊन गावात येतात. हेळव्याला नुसतं धान्य घालून परत पाठवू नका, बसवा, ऐका.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. स्मरणिका काढणारी मंडळी बहुधा वाड्यापासून देवळापर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. महार वतनाच्या नावाखाली राबवून घेतलेली कामं 1958 च्या कायद्याने संपली, पण ती केलेल्यांची मुलं-नातवंडं गावात आहेत. मेंढपाळांचा वाडा, वडारवस्ती, धरणात गाव बुडाल्यामुळे येऊन वसलेली घरं, ही गावाचीच आहेत. उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवसारखी गावं गेली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. अशा विस्थापितांच्या घरी तर दोन गावांचा इतिहास असतो. त्यांच्या आठवणी आपल्याला सुखाच्या वाटणार नाहीत, पण त्यांच्याशिवाय छापलेलं पुस्तक मी गावाचा इतिहास मानत नाही.

साजरं कसं करायचं, हेही तुम्ही विचारता. माझं मत विचाराल तर जत्रेला करा. मुंबई-पुण्याची माणसं त्याच दिवशी गावात असतात. कमान आणि पुतळ्यासाठी वर्गणी गोळा करण्याआधी शाळेच्या दोन खोल्या मागा. घरोघरच्या जुन्या फोटोंचं तिथेच स्कॅन करून मूळ फोटो त्याच हाती परत द्या. मूळ वस्तू ठेवून घेतली की पुढच्या वर्षी कुणी काही आणत नाही. फोटोंच्या मोठ्या प्रती दोरीला लावा, खाली कागद चिकटवा आणि पेन्सिल बांधून ठेवा, लोक नावं लिहितात, दुसऱ्याने लिहिलेली दुरुस्त करतात, भांडतातही. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही म्हणणी सांगणाऱ्याच्या नावानिशी ठेवा, निवाडा तुम्ही करू नका. भिंतीवर गावाचा नकाशा लावून शेतांची नावं मुलांकडून भरून घ्या. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असला तरी तो पुष्कळदा रिकामाच असतो, त्यामुळे यातली बरीच नावं आता केवळ तोंडी उरली आहेत.

जमलेलं सगळं एकाच घरात किंवा एकाच फोनमध्ये ठेवू नका. एक प्रत शाळेत, एक गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात, एक गावाबाहेर राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे. कागद सपाट ठेवा. त्यांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. प्रत्येक फोटोमागे आणि प्रत्येक फाइलीच्या नावात गाव, साल आणि कुणाकडून मिळालं हे लिहा.