चेहऱ्यावर हुद्दा घेऊन फिरणारा मँड्रिल

आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे. मी राजधानी लिब्रेव्हिलजवळच्या प्लायवुड कारखान्यात काम करतो, म्हणजे याच जंगलातल्या ओकुमे झाडाच्या ओंडक्यांवर माझं पोट चालतं. त्यामुळे 'तिकडे रोज प्राणी दिसत असतील ना?' असं घरून कोणी विचारलं की जरा अवघडायला होतं. रोज दिसतात ते ओंडके. प्राण्यांसाठी लोपे राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं आणि मी तिथे गेलो ते मँड्रिल या माकडासाठी.

आपल्याकडे हिशेब सोपा असतो, लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं ते वानर. मँड्रिलच्या नरापुढे हा हिशेब कोलमडतो. नाकाची लांब दांडी लालभडक, दोन्ही बाजूंना पन्हाळी पडलेले निळे गाल, पिवळसर दाढी आणि मागची बाजू निळी, जांभळी, लाल. सस्तन प्राण्यांत इतका विलक्षण रंगलेला दुसरा कोणी नाही, असं डार्विनने लिहून ठेवलंय. त्यातून गंमत अशी की कातडीत निळं रंगद्रव्य नसतंच. कोलॅजन या प्रथिनाचे तंतू अशा बेताने रचलेले असतात की प्रकाशातला निळा तेवढा परत फिरतो. मोरपिसातही निळं रंगद्रव्य नसतं. लाल रंग मात्र रक्ताचा, आणि तो बदलता. नर वरच्या जागेवर पोचला की टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक वाढतं, लाली चढते. जागा गेली की ती हळूहळू उतरते.

पण या रुबाबाला फसू नका. कळप असतो माद्यांचा आणि पोरांचा. मोठे नर वर्षाचा बराच काळ बाहेर एकटे भटकतात, जून ते ऑक्टोबरच्या मिलनकाळात पाहुण्यासारखे येतात आणि मग निघून जातात. नर ३० किलोच्या घरातला, मादी त्याच्या निम्म्याहूनही लहान, तरी घर तिचंच. लेकी जन्मभर आईच्या कळपात राहतात. मुलगे सहाएक वर्षांचे झाले की बाहेर पडतात आणि पूर्ण रंग चढायला नऊ-दहा वर्षं लागतात. मादी चार-पाच वर्षांची असताना पहिल्यांदा विते. गर्भ सुमारे सहा महिने, पिल्लू एकच, गुलाबी तोंडाचं आणि काळपट केसांचं.

लोपेतले कळप सहाशेच्या वर जातात, एकदा तर ८४५ मोजले गेलेत. दाट जंगलात मोजणी अशक्य. पण इथे जंगलाच्या मधेमधे गवताळ माळ आहेत, ते ओलांडताना चित्रण करून डोकी मोजली. दिवसभर जमिनीवर फळं, बिया, किडे हुडकायचे, गालाच्या पिशव्या भरायच्या आणि रात्री झाडावर चढायचं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दक्षिणेकडच्या लेकेदी उद्यानातल्या अभ्यासातली. आतड्यात परजीवी झालेल्या सोबत्याला मँड्रिल वासावरून ओळखतात आणि त्याच्या केसांतल्या उवा-किडे वेचायचं टाळतात. अपवाद फक्त आईकडून जवळच्या नातलगांचा!

मांसासाठी शिकार हा त्यांचा मोठा शत्रू. ओंडके आणायला जंगलात कापलेल्या रस्त्यांवरूनच शिकारीही आत पोचतात. कारखान्यात बसून हे लिहिताना मला ते टाळता येत नाही.

यायचंच असेल तर जुलै-ऑगस्टचा कोरडा हंगाम धरा. लिब्रेव्हिलजवळच्या ओवेंडोहून ट्रान्सगॅबोने रेल्वे मिळते, लोपेला स्टेशन आहे. गाडी बहुधा रात्री-अपरात्री पोचते, तेव्हा खोली आधीच ठरवून ठेवा.