अर्धा मिलिलिटर रक्त

रक्त वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली आणि हात तिथेच थांबला. प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव, पिवळसर दिसायला हवा होता, तो लालसर होता. टाच टोचून, दाबून दाबून काढलेलं रक्त. तांबड्या पेशी फुटल्या होत्या.

बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, ९०० ग्रॅमचं. आमचा अभ्यास अशाच बाळांवरच्या ऑक्सिडेटिव्ह ताणाचा, म्हणजे ऑक्सिजनच्या माऱ्याने पेशींना होणाऱ्या इजेचा. गर्भात रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब जेमतेम पाऱ्याच्या २५ ते ३० मिलिमीटरइतका असतो आणि जन्मल्यावर तो काही मिनिटांत दुप्पट-तिप्पट होतो. हा मारा झेलायला लागणारी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटॅलेजसारखी विकरं गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत वाढतात. हे बाळ त्याआधीच बाहेर आलं होतं.

आम्ही मोजत होतो मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे पेशींच्या आवरणातली मेदाम्लं ऑक्सिजनच्या माऱ्याने तुटली की उरणारा पदार्थ. प्लाझ्मात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवलं की गुलाबी रंग येतो आणि तो ५३२ नॅनोमीटरला मोजतात. जन्मावेळी नाळेतून घेतलेल्या रक्ताचा आकडा आमच्याकडे होता. तिसऱ्या दिवसाचा त्याच्या कितीतरी पट आला.

रेसिडेंट डॉक्टर धावतच खाली आला. "मॅडम, एवढा ताण? ऑक्सिजन कमी करायचा का?" रात्रभर बाळाच्या उबदार पेटीशेजारी उभं राहिलेल्या माणसाचा प्रश्न होता तो, पोटतिडकीचा. मी त्याला तापवण्याआधीचा उरलेला प्लाझ्मा दाखवला. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन स्वतःच त्या तरंगलांबीजवळ प्रकाश शोषतं. शिवाय त्यातलं लोह तापवताना मेद आणखी तोडतं, म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड ट्यूबमध्येच तयार होतं. त्या आकड्यात बाळाचं किती आणि आमच्या ट्यूबचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

आणि नमुना अगदी स्वच्छ असता तरी या आकड्यावरून ऑक्सिजन हलवायचा नसतो. जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याचं काय होतं हे १९५०च्या दशकात दृष्टी गमावलेल्या मुलांनी जगाला शिकवलं. पण म्हणून कमी म्हणजे चांगलं असंही नाही. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ८५ ते ८९ टक्के सॅच्युरेशनवर, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा तेवढा भाग ऑक्सिजनने भरलेला, अशा पातळीवर ठेवलेल्या बाळांना डोळ्यांचा गंभीर आजार कमी झाला, मृत्यू मात्र ९१ ते ९५वाल्यांपेक्षा जास्त झाले. या बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५मध्ये होतं. रेसिडेंट परत वर वॉर्डात गेला आणि त्याने काहीही बदललं नाही. बरोबर केलं त्याने.

मग सिस्टरांचा फोन. "पुन्हा रक्त काढू का?" माझ्या मते त्या दिवसातला खरा अवघड प्रश्न हाच. ९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० मिलिलिटरच्या आसपास रक्त. त्यातला अर्धा मिलिलिटर म्हणजे मोठ्या माणसाचे पंचवीस-तीस. उपचारासाठी घ्यावंच लागतं, ते वेगळं. पण अभ्यासातली एक रिकामी चौकट भरायला? मी नाही म्हटलं. प्रमुखांना आकडेवारीतली ती फट आवडली नाही. संशोधनात फट चालते, बाळाच्या टाचेवर दुसरी जखम चालत नाही, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन.

सिस्टरांनी लंगोटात कापूस ठेवून लघवी गोळा केली. आयसोप्रोस्टेन लघवीतही सापडतात, ते मेदांच्याच ऑक्सिडेशनमधून येतात आणि त्यासाठी सुई लागत नाही. अडचण तिथेही आहे. लघवी किती पातळ हे पाहायला क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ पदार्थाशी गुणोत्तर काढतात, आणि पहिल्या दिवसांत बाळाच्या रक्तात आईकडून आलेलं क्रिएटिनिनही असतं. त्यामुळे तिसऱ्या दिवसाची तुलना दहाव्याशी सरळ करता येत नाही. एकाच वयाच्या बाळांची आपसात करता येते. आम्ही तशी करायचं ठरवलं, नमुना उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवला, आणि रक्ताच्या रकान्यात "पेशी फुटल्या, आकडा धरू नये" असं लिहून सही केली. पुढच्या बैठकीत टाचेचे नमुने बंद झाले. मॅलॉनडायअल्डिहाइड आता फक्त नाळेच्या रक्तात मोजतो, ते बाळाकडून मागावं लागत नाही.