सायकल छोटीला

पोराच्या दप्तरात, उशीखाली, पँटच्या खिशात काहीतरी लिहिलेलं सापडलं की आईबाप ते घेऊन माझ्याकडे येतात, हे तसं नेहमीचं आहे. बहुतेक वेळा ते प्रेमपत्र असतं, किंवा त्यांना तसं वाटतं. घरी आधीच मारझोड झालेली असते, मोबाईल काढून घेतलेला असतो. माझ्याकडे येतात ते फक्त शिक्का मारून घ्यायला.

मी ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे, पांझरा आणि बोरी या नद्यांच्या मधल्या कापसाच्या पट्ट्यात. पद कंत्राटी. दारावर ‘मैत्री’ अशी पाटी आहे, पण दार पुरतं लागत नाही. केसपेपर काढणारा कारकून भर रांगेत ‘काय होतंय तुला?’ म्हणून ओरडतो, त्यामुळे ज्यांना खरंच काही होतंय ती पोरं तिथूनच परत फिरतात. महिन्याचा अहवाल मात्र वेळेवर लागतो: मुली किती, मुलगे किती, लोहाच्या निळ्या गोळ्या किती वाटल्या.

हा बाप पोळ्याच्या तोंडावर आला. एकटाच आला, हेच नवल. एरवी आई येते. (पोराला आणि त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं बदललंय.) सातबारा ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं घडी केलेला कागद काढला.

“ताई, पँट धुवाले काढी तव्हय खिसामा हाई सापडनं. ती पोर कोन शे, तेवढं त्याना तोंडमाईन काढी द्या.”

क्लासच्या टेस्ट पेपरची पाठकोरी बाजू. निळ्या पेननं, घाई न करता लिहिलेल्या पाच ओळी. सायकल छोटीला. कॅल्क्युलेटर मामाच्या पोराला. फिजिक्सच्या वह्या परत, पुढे एका मुलीचं नाव. टपरीचे 140. मोबाईल छोटीला, पॅटर्न झेड.

बापाचं बोट त्या मुलीच्या नावावर होतं. मग ते 140 वर सरकलं: टपरीवर एवढी उधारी कसली, पुडी खातो का? माझी नजर वरच्या आणि खालच्या ओळीवरून हलेना. कागदावर रडगाणं असतं, कोणाला शिव्या असत्या, तर मी एवढी दचकले नसते. आपल्या वस्तू वाटून टाकणं, देणं फेडून मोकळं होणं या खुणा आम्हाला प्रशिक्षणात पहिल्यांदा शिकवतात.

मी विचारलं, “भाऊ, फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?”

त्याला वाटलं मी विषय बदलतेय. म्हणाला, पुढच्या खोलीत, खाटेखाली. शेतातल्या झोपडीतून चोरीला जातं. तिथूनच त्याला भावाला फोन लावायला सांगितला: सगळ्या बाटल्या आत्ताच्या आत्ता तुमच्या घरी न्या, आणि कुठं ठेवल्या ते यांनाही सांगू नका. घरातच पेटीत कुलूप लावून ठेवतो म्हणाला, ते मी ऐकलं नाही. श्रीलंकेत गावोगाव कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, फरक पडला नाही. अतिविषारी औषधांवर एकेक करून बंदी आणली तेव्हा मात्र तिथला आत्महत्यांचा आकडा 1995 च्या निम्म्याखाली आला. आपल्याकडे फवारणीच्या शिबिरात हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा सगळं सांगतात. उरलेली बाटली कुठं ठेवायची, हे मी तरी कोणाला ठासून सांगताना ऐकलेलं नाही.

मग पुढचा घोळ. ‘रक्त तपासायला म्हणून घेऊन येतो’ असं त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, खोटं बोलून आणलंत तर तो इथं बसेल, बोलणार नाही. कागद सापडला, वाचला, घाबरलो, एवढंच सांगा. हे चार शब्द त्या माणसाला किती जड गेले ते मला नंतर पोराकडून कळलं. गावापासून निम्म्या रस्त्यापर्यंत बाप काही बोलला नाही. मग चालत्या मोटरसायकलवर, मान न वळवता, पुढं बघतच त्यानं ते सांगून टाकलं.

दुपारी दोघं आले. बापाला बाहेर बसवलं. पोरगं सतरा वर्षांचं, बारावी सायन्स, धुळ्याला क्लासला येऊन-जाऊन करणारं. अशा वेळी मी आधी माझी बाजू मांडते, प्रश्न नंतर. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला असेल, किंवा अठराच्या आतल्या कोणावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर ते मी पोटात ठेवू शकत नाही. तिसरी गोष्ट 2012 च्या पॉक्सो कायद्यामुळे पोलिसांना कळवावीच लागते. बाकी सगळं या खोलीत राहील. हे आधी सांगितलं तर मुलं गप्प बसतील, असं माझ्या बरोबरच्या काहींना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कुंपण कुठंय ते दिसलं की मुलं आत मोकळी फिरतात.

हळूहळू निघालं. आषाढापासून तो क्लासला गेलाच नव्हता. सकाळी एसटीचा पास घेऊन निघायचा, दिवसभर धुळ्याच्या स्टँडवर नाहीतर पांझरेच्या काठी, संध्याकाळी घरी. क्लासवाल्यांनी घरी एक फोन केला नाही. करतील कशाला? आईची पोत गहाण ठेवून वर्षाची फी जूनमध्येच एकरकमी भरलेली. हजेरी घ्यायची मशीन आहे म्हणे तिथं, बोट लावायची.

मग मी तो प्रश्न विचारला: “मरून जावं असं मनात येतं का?” आमचे डॉक्टर साहेब मनानं चांगले, रात्री-अपरात्री धावून येणारे, पण या प्रश्नाला घाबरतात. नसलेलं डोक्यात भराल म्हणतात. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात काही भरत नाही, हे आता पुरतं तपासलं गेलंय. जे आधीच आत असतं, त्याला फक्त वाट मिळते.

तो टेबलाच्या सनमायकाची उखडलेली कड नखानं खरवडत राहिला. म्हणाला, “येतं. पण हा कागद त्याचा नाही. मी सुरतला चाललो होतो.”

आमच्या भागात हे उत्तर अगदी चपखल बसतं. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरतला कामाला गेलेली माणसं गावी येतात, रोट खातात, सोमवारी विसर्जन झालं की उधना, लिंबायत, पांडेसऱ्याला परततात. त्याचा चुलत भाऊ तिथं साड्यांच्या फोल्डिंगला आहे. त्यानं सांगितलं होतं, ये, एक माणूस मावेल खोलीत. अमळनेरहून गाडी सुटण्याची वेळ पोराला पाठ होती. सायकल, वह्या, उधारी, सगळं जुळत होतं.

“आणि मोबाईल?” मी म्हटलं. “सुरतला मोबाईल घरी ठेवून कोण जातं?”

“सोबत असता तर पप्पांचा फोन आला असता,” तो म्हणाला. “उचलला असता तर परत आलो असतो.”

तेव्हा मला हे पटलं. रात्री भाकरी टाकताना पटेनासं झालं. अजून तसंच चालू आहे.

त्या दिवशी त्याच्याच हातानं एक कागद लिहून घेतला: मन बुडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा कुठं जाऊन बसायचं, कोणाला सांगायचं. दुसऱ्या नंबरला त्यानं छोटीचं नाव घातलं. तळाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. आईची शपथ मी घ्यायला लावत नाही. शपथ घेतलेलं पोरगं पुढच्या वेळी सांगायचंच बंद करतं.

बापाला धास्ती पोलिसांची. “केस तं नही व्हवाव?” त्याला समजावलं, तुमच्या पोरानं काही केलेलंच नाही, आणि केलं असतं तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो ताणाखालचा माणूस मानला जातो, गुन्हेगार नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेत राहिलंच नाही. त्यानं मान डोलावली, पण बाहेर पडताना शिपायालाही तेच विचारलं.

मूळ कागदावरून आमची थोडी बाचाबाची झाली. बापाला तो परत हवा होता, डॉक्टर साहेबांना केसपेपरला झेरॉक्स जोडायची होती. मी तो पोराला दिला. त्याच्या खिशातून निघाला होता, त्याच्या खिशात गेला. काय वाचलं ते माझ्या नोंदीत आहे, तेवढं पुरे.

जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. त्यांना मी मोबाईलचं सांगितलं. म्हणाले, सुरत काय किंवा दुसरं काय, उपचार तोच, तुम्ही कशाला डोकं शिणवता? बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात त्यांच्या, मी समजू शकते. पण फरक पडतो. कागद खरंच सुरतचा असेल, तर त्या पोराला क्लासमधून सोडवून कामाला लावणं हेच निम्मं औषध आहे. नसेल, तर घरापासून इतक्या लांब, रात्रपाळीनं रिकाम्या पडणाऱ्या खोलीत त्याला पाठवायचं कसं?

हा प्रश्न माझ्यापुरता राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. दसऱ्यानंतर बाप पुन्हा एकटाच आला. क्लास सुटलाय, फीचा रुपया परत मिळालेला नाही, पहिल्या वेचणीचा कापूस विकून पोत सोडवलीय. पोरगं जेवतंय, छोटीशी भांडतंय. दिवाळीला चुलत भाऊ येतोय आणि पोरगं त्याच्यासोबत जायचं म्हणतंय.

“धाडू का, ताई?”

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. भाऊबीज झाली की त्या चुलत भावाला घेऊन या म्हटलं. खोलीत कोण-कोण असतं, पाळ्या कशा लागतात, रात्री याच्याजवळ कोण झोपणार, गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार, हे त्याच्या तोंडून ऐकते, मग सांगते. आणि पोराला सोबत आणा, त्याच्या पाठीमागे काही ठरवायचं नाही.